पशुपक्ष्यांची नावे

शास्त्रभाग : उत्पत्ती २:१८-२०, यहोशवा ४:१-७



उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे. तिच्यावरून आपली नजर घसरून पुढे जाते, कारण लगेच हव्वेच्या निर्मितीचा प्रसंग येतो व आपले लक्ष तिकडे लागलेले असते. परमेश्वराने भूमीपासून सर्व वनपशू व पाखरे घडविली आणि तो त्यांना आदामाकडे घेऊन आला. कशासाठी? हा त्यांना काय नावे देतो, ते पाहण्यासाठी.

ज्याने मोर घडविला त्याला मोराचे नाव सुचले नसते काय? परंतु तो सांगत नाही. तो घेऊन येतो, समोर उभे करतो आणि थांबतो. आदाम ज्याला जे नाव देईल तेच त्याचे नाव ठरते. पवित्र शास्त्रातील हा पहिला निसर्गपाठ होय, आणि त्यात शिक्षक बोलत नाही, शिष्य बोलतो. आमच्या शब्बाथ शाळेच्या बालवर्गात याच्या अगदी उलट चालते हे आपण जाणता. तेथे आपण एकसारखे बोलतो व लेकरे हाताची घडी घालून बसतात.

हा शास्त्रभाग घेण्याचे कारण असे, की बालवर्गातील चित्रांच्या पुस्तकांविषयी काही शिक्षकांनी विचारले आहे. लहान मुलांना सृष्टीची व लोकांच्या चालीरीतींची ओळख चित्रांतून करून द्यावी काय, कोणती पुस्तके घ्यावीत, आणि मुळात देवाच्या घरात या गोष्टींना वेळ द्यावा काय, असे ते प्रश्न आहेत.

प्रथम आपली लेकरे कोण आहेत ते पाहू. सुरतेतील मराठी मंडळ्यांत पुष्कळ कुटुंबे खानदेशातून आलेली आहेत. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आईबाप कामाला आले, लूमवर लागले, कोणी साडीच्या बाजारात लागले. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत एका खोलीत संसार चालतो. खाली लूम धडधडत असतात व वर लेकरू अभ्यास करते. त्याच्या आजोबांना शेतातील वीस पाखरे आवाजावरून ओळखता येत होती. त्याला कबुतर व कावळा ओळखता येतो. हा त्याचा दोष नाही. ती पाखरे त्याच्याकडे कोणी आणलीच नाहीत.

चित्राचे पुस्तक हे काम करू शकते. ते खंड्याला लिंबायतच्या खोलीत घेऊन येते. आता शिक्षकाने थांबावयाचे. येथेच आपली परीक्षा असते.

एका बालवर्गात असे घडले. पानावर चिमणीचे चित्र होते. बाईंनी विचारले, “हे काय आहे रे?” साडेचार वर्षांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, “चकली!” सगळा वर्ग हसला. आपल्या घरी चकली दिवाळीला तळतात, नाताळाला तळतात, ती काही उडत नाही. मुलगा ओशाळला आणि त्यानंतर कित्येक रविवार त्याने तोंड उघडले नाही. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले, की तो गुजराती बालमंदिरात जातो व गुजरातीत चिमणीला चकलीच म्हणतात. त्याचे उत्तर बरोबर होते. चुकले कोण, हे मी सांगत नाही, आपणच ठरवा.

आपल्या मुलांच्या जिभेवर तीन-चार भाषा एकाच वेळी नांदतात. घरी अहिराणी, मंडळीत मराठी, गल्लीत हिंदी, दुकानावर गुजराती. आपली खार तिकडे खिसकोली होते, आपला कावळा कागडो होतो. मूल चित्राला कोणत्या भाषेत नाव देते ते ऐकले, तर त्याचा दिवस कोठे जातो ते समजते. आदामाने दिलेली नावे देवाने सुधारून दिली असे कोठे लिहिलेले नाही. त्या मुलाला बाई एवढेच म्हणू शकल्या असत्या, “हो, चकली. आणि तुझी आजी हिला काय म्हणते?”

या प्रश्नाला सुरत शहरात एक जुना साक्षीदार आहे. कतारगाम दरवाज्याच्या बाजूला इंग्रजांची व डचांची जुनी कबरस्ताने आहेत. डच कबरस्तानात घुमटाची एक मोठी कबर आहे. तिच्यात हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड नावाचा मनुष्य पुरला आहे. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीहून सुरतेस येत असता तो जहाजावरच वारला व त्याला येथे आणून मूठमाती दिली. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, काही काळ मलबारचा अधिकारी. कंपनी व्यापारासाठी आली होती व तोफा घेऊन आली होती, तेव्हा त्याला संत करण्याचे कारण नाही. पण त्याने एक काम असे केले, की शिक्षकांनी त्याची कबर जाऊन पाहावी.

त्याने मलबारच्या झाडाझुडपांचे चित्रमय पुस्तक तयार करविले. त्याचे नाव ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारची बाग. ते १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे १२ खंडांत छापले गेले. शेवटचे भाग त्याच्या मृत्यूनंतर निघाले. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत व जवळजवळ आठशे चित्रे आहेत. पहिले चित्र नारळाचे. पुस्तक लहान मुलांसाठी नव्हते हे खरे, परंतु ते कसे तयार झाले ते पाहा. झाडे कोणती, त्यांचे औषधी गुण कोणते, हे सांगणारा इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता. त्याच्या जोडीला कोचीचे तीन कोकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट. त्यांनी १६७५ मध्ये आपली साक्ष कोकणी भाषेत, आपल्याच नागरी अक्षरांत लिहून दिली व ती पहिल्या खंडात तशीच छापली आहे. आरंभीच्या खंडांचे लॅटिन लिखाण कॅसेरियस नावाच्या डच पाळकाने केले आणि एका कॅथॉलिक कार्मेलाइट साधूनेही या कामाला हातभार लावला. त्या काळी युरोपात प्रॉटेस्टंट व कॅथॉलिक एकमेकांचे तोंड पाहावयास तयार नव्हते, आणि येथे ते एका झाडाच्या चित्रावर वाकून बसले होते.

त्या चित्रांवर नावे एकाच लिपीत नाहीत. रोमन आहे, मलयाळी आहे, अरबी आहे, आणि आपली नागरीही आहे. परक्या देशातून सत्ता घेऊन आलेल्या त्या अधिकाऱ्याने ‘माझ्या भाषेतील नाव तेवढे खरे’ असे म्हटले नाही. चिमणीच्या चित्राखाली ‘चिमणी’ आणि ‘चकली’ ही दोन नावे लिहिण्यास आपल्याला संकोच का वाटावा?

आता चित्रे देवाच्या घरात आणावी काय, या प्रश्नाकडे येऊ. आपल्या मंडळ्यांत काही वडील मंडळी मनापासून विचारतात, की निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील दुसऱ्या आज्ञेचे काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आज्ञा पुरती वाचावी. तेथे नमन करण्याची व सेवा करण्याची मनाई आहे. ज्या देवाने ती आज्ञा दिली त्यानेच थोड्या अध्यायांनंतर याजकाच्या झग्याला डाळिंबे काढावयास सांगितली, बसालेलला कारागिरीचे ज्ञान दिले. शलमोनाच्या मंदिरात कमळांची कलाकुसर होती व गंगाळसागराखाली बारा बैल होते (१ राजे ७). डाळिंबाला कोणी नमन केले नाही. चिमणीच्या चित्राला आमच्या बालवर्गात कोणी करील असे मला वाटत नाही.

शिवाय मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक करणारा पहिला थोर पुरुष आपल्याच प्रॉटेस्टंट परंपरेतला होता. योहान आमोस कोमेनियस (१५९२-१६७०) हा मोराव्हियाचा, बंधुमंडळीचा बिशप. त्याची तरुण पत्नी व लहान मुले महामारीत गेली. धर्मछळामुळे मायदेश सोडावा लागला तो कायमचाच. १६५६ मध्ये ज्या गावी आश्रय घेतला होता ते गाव जळाले आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते राख झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्ग येथे त्याचे ‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजे चित्रमय जग, हे पुस्तक निघाले. ज्याचे घरदार दोनदा उद्ध्वस्त झाले त्याने लेकरांसाठी कावळा, कोकरू, पावरोटीवाला, चांभार, न्हावी यांची दीडशेच्या आसपास चित्रे जुळवीत बसावे, हे मला कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक सांगते. पुस्तकाचा आरंभ देवापासून होतो व शेवट अंतिम न्यायाने होतो. मधल्या पानांवर यहूदी, मुसलमान व इतर लोकांचे धर्म कसे आहेत तेही दाखविले आहे. त्याने ती पाने गाळली नाहीत.

मी हे सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मंडळीला मुलांच्या पुस्तकांचा संच भेट मिळाला. त्यात सणांचे एक पुस्तक होते. शब्बाथ शाळेत येण्यापूर्वीच त्यातील चार पाने कोणी खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली होती. एका पानावर गणपतीची मिरवणूक होती, एकावर ताबूत होते. परिणाम काय झाला? मुलांना त्या पुस्तकातील दुसरे काहीच पाहावयाचे नव्हते. जो तो नखाने ती पाने उचकटून आत डोकावत होता.

लेकराला गल्लीत जे रोज दिसते ते पुस्तकात लपवून काय मिळणार? भाद्रपदात त्याच्या दारावरून ढोल जातो. शेजारचा मित्र ईदेला शेवया आणून देतो. चांदी पडव्याला सारी सुरत घारी खाते, आपणही खातो. पारशी शेजारी आहेत. आपण काही सांगितले नाही, तर या सर्वांविषयी त्याला दुसरे कोणीतरी सांगेल, आणि ते प्रेमाने सांगेलच असे नाही. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौल अथेनैत काय करतो ते लक्षात घ्या. त्याचा आत्मा आतून खवळला होता. तरीही बोलावयास उभा राहिला तेव्हा त्याने सांगितले, की मी फिरून तुमच्या पूजेच्या वस्तू नीट पाहिल्या आहेत. आधी पाहिले, मग बोलला. आपल्या मुलाने शेजाऱ्याचा सण नीट पाहिलेला असावा, त्याचे नाव त्याला ठाऊक असावे, आणि त्याची टिंगल करणे हा आपला धर्म नव्हे हे बालपणीच कळावे. मग प्रभूविषयी त्याला जे सांगावयाचे ते तो शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहून सांगू शकेल.

सृष्टी व लोकरीत या दोन गोष्टी मुलाच्या जगात वेगळ्या नसतातच. १४ जानेवारीला सुरतेचे आकाश पतंगांनी भरते. सुरती मांजा सर्वदूर प्रसिद्ध आहे, आणि त्याच मांज्याने त्या दिवसांत पाखरांचे पंख कापले जातात. आपल्या मुलांनी पतंग उडवू नये असे मी म्हणणार नाही. मला स्वतःला आवडतो. परंतु जानेवारीच्या पहिल्या रविवारी कबुतराचे, बगळ्याचे, घारीचे चित्र समोर ठेवावे, यांची घरी परतण्याची वेळ कोणती असे विचारावे, आणि मुलांनाच ठरवू द्यावे की संध्याकाळी व पहाटे पतंग खाली घ्यावा काय. पाच वर्षांचे मूल हे ठरवू शकते.

पुस्तके कोणती घ्यावीत? येथे थोडे डोळे उघडून चालावे लागते. शब्बाथ शाळेच्या कपाटात परदेशांतून आलेली जुनी रंगीत चित्रे असतात. ती आणणाऱ्यांचे उपकार आहेत. पण जक्कयाचे चित्र काढून पाहा. पुष्कळदा तो विलायती झाडावर बसलेला असतो. इंग्रजी शास्त्रात त्या झाडाला सायकामोर म्हटले आहे, आणि इंग्लंडात त्या नावाचे झाड अगदीच वेगळे आहे. आपल्या मराठी शास्त्रात मात्र लूक १९:४ मध्ये ‘उंबर’ आहे. भाषांतर करणाऱ्यांची नजर केवढी नेमकी! यरीहोचे ते झाड उंबराचे सख्खे भावंड आहे. दोघांची फळे खोडाला व जाड फांद्यांना लगडतात. हे झाड मुलांच्या आजोळी आहे, सुरतेतही आहे, गुजराती शेजारीण त्याला उमरो म्हणेल. मग विलायती झाड कशाला? फळांनी लगडलेला उंबर दाखवावा व त्यावर जक्कयाला मुलांनीच बसवावे. बुटक्या माणसाला त्यावर चढणे सोपे का गेले, हे खाली फुटलेल्या फांद्या पाहून तीच सांगतील.

प्रभूच्या चित्रांचेही तेच. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून मरियेला साडी नेसवून रंगवीत. त्यांच्या हयातीत त्यांना यासाठी बोलणी खावी लागली. आपल्या लेकरांनी निळ्या डोळ्यांच्या येशूबरोबर ही चित्रेही पाहावी, म्हणजे दोन्ही चित्रेच आहेत हे त्यांना उमगेल.

मुलांसाठी सचित्र वाचन देणे मराठी ख्रिस्ती लोकांना नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले, विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ निघाले त्याच्या आठ वर्षे आधी. आज विकत घ्यावयाची तर पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तके घ्यावीत. त्यांत उपदेश नाही, घर आहे, आई, आजी, काका आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तके स्वस्त असतात. त्यांत पशुपक्षी पुष्कळ.

मोबाईलवर याहून सुंदर चित्रे फुकट मिळतात, असे एक तरुण शिक्षक म्हणाले. मिळतात. पण ते चित्र थांबत नाही. मुलाने नाव उच्चारण्याआधी पुढचे चित्र येते, आणि नाव तेच सांगून टाकते. पुस्तकातील पान मुलाचे बोट निघेपर्यंत तेथेच राहते.

पैसे नसतील तर? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व १९५७ नंतर कोसबाडला काय केले ते आठवावे. ही ठिकाणे आपल्या सुरत-मुंबई रेल्वेच्या वाटेवरच आहेत, आज ती पालघर जिल्ह्यात येतात. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. बिया, पाने, शिंपले, खडे हेच साहित्य. प्रभूनेही भूकमळांचे चित्र काढले नाही. शेत समोर होते, त्याने बोट दाखविले. चित्राचे पुस्तक हे जेथे शेत समोर नाही तेथील साधन आहे, आणि जेथे आहे तेथे ते मिटून बाहेर जावे.

एक पुस्तक मात्र आपल्याला बाजारात मिळणार नाही, ते आपणच करावे. तापी नदीचे. कोरे कागद एकापुढे एक चिकटवून लांब पट्टी करावी व तिची घडी घालावी. डाव्या टोकास नदीचा समुद्र, डुमसजवळ. उजव्या टोकास तिचा उगम, मध्य प्रदेशातील मुलताई. मध्ये ७२४ किलोमीटर. उगमाकडून खाली येताना चांगदेवजवळ पूर्णा मिळते, पुढे भुसावळ, मग नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा, मग १९७२ मध्ये पुरे झालेले उकाई धरण, आणि मग आपली सुरत. खानदेशातून ज्या दिशेने ही नदी आली त्याच दिशेने मुलांचे आईबाप आले. हे मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. त्यांना वाटते गाव कोठेतरी आगगाडीच्या पलीकडे आहे, आणि गाव तर पुलाखालून वाहते आहे.

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीतून बारा धोंडे उचलून आणावयास सांगितले. पुढे मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा सांगता यावे म्हणून. आधी धोंडा दिसला पाहिजे, मग मूल विचारील, मग बापाने सांगावे. तापीच्या पट्टीवरही तसे धोंडे ठेवावे. उकाईच्या पानावर पाण्याखाली गेलेली गावे. सुरतेच्या पानावर ऑगस्ट २००६ चा पूर, भिंतीवर पाण्याची रेघ कोठवर आली होती ती. ज्यांनी तो पूर पाहिला ते आईबाप आज मंडळीत बसलेले आहेत. त्यांना बालवर्गात बोलवावे. कोणत्या शेजाऱ्याने वरच्या मजल्यावर घेतले, चार दिवस कोणाच्या घरचे खाल्ले, हे त्यांनी सांगावे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावाच्या जागी एक झाड, एक पाखरू व एक खाण्याचा पदार्थ काढावा आणि नाव घरात जसे म्हणतात तसेच लिहावे. अहिराणी असेल तर अहिराणीच.

शिक्षकांसाठी शेवटची व्यवहाराची गोष्ट. एका रविवारी एकच पान घ्यावे, दोन नव्हे. “यातून आपण काय शिकलो?” हा प्रश्न निदान सहा वर्षांपर्यंत विचारूच नये. “काय दिसते?” आणि “आणखी काय दिसते?” एवढे पुरे, व मग मनात दहापर्यंत मोजून गप्प राहावे. पुस्तके कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत, घरी नेऊ द्यावीत. पाने फाटतील. खळ त्या कामासाठी वापरावी.